तीन शिलिंगांचा उजेड

श्रोतेहो, इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात, सनावळ्या असतात. पण त्या लढाया चालल्या असताना खेड्यापाड्यांतल्या घरांत दिवेलागणीला काय जळत होते, त्याला पैसे किती पडत होते आणि ते कोणाला परवडत होते, हे शोधू म्हटले तर फारसे हाती लागत नाही. ज्यांनी ते दिवे लावले त्यांना बहुधा लिहिता येत नव्हते. ज्यांना लिहिता येत होते त्यांना ही बाब लिहिण्याजोगी वाटली नाही. क्वचित एखादा चौकस माणूस निघतो आणि असला हिशेब मांडून ठेवतो. असाच एक हिशेब आज मी आपल्यापुढे उलगडणार आहे. तो आहे इंग्लंडमधल्या एका खेड्यातला, १७७५ सालचा. घरच्या घरी बत्ती करायची तर सामान काय लागते, ते कितीला पडते आणि त्यातून उजेड किती मिळतो, असा तो हिशेब आहे. मांडणारा माणूस हुशार होता, प्रामाणिक होता, आणि त्याचे आकडे मी पडताळून पाहिले, ते बिनचूक आहेत. तरीसुद्धा हिशेबाच्या शेवटी गरिबांविषयी त्याने जो निकाल दिला आहे तो मला मान्य नाही. का नाही, तेच सांगायचे आहे.

आधी त्या मुलखाची रात्र समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे ऐन थंडीतसुद्धा संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दक्षिण इंग्लंडमध्ये डिसेंबर महिन्यात चारच्या सुमारासच दिवस संपतो आणि सकाळी आठपर्यंत नीट उजाडत नाही. म्हणजे रात्र झाली १६ तासांची. एवढा वेळ कोणी झोपून काढत नाही. गाईंच्या धारा अंधारातच काढायच्या, सूत कातायचे, फाटके शिवायचे, पोरांना जेवू घालायचे. उजेड ही तिथे चैन नव्हती, कामाचे अवजार होते म्हणा ना.

आता हा उजेड कशाचा? आपल्याकडे दिव्याला तेल लागायचे, करडईचे, तिळाचे, एरंडीचे. तिकडच्या खेड्यांत मुख्य आधार चरबीचा. आपण सरसकट मेणबत्ती म्हणतो, पण खऱ्या मेणाची, म्हणजे मधमाशांच्या मेणाची बत्ती तिकडे जळायची ती चर्चमध्ये आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. सामान्य माणसाच्या बत्तीत मेणाचा कणही नसे. मेंढीची आणि बैलाची चरबी कढवून गाळायची, कापसाच्या वाती एका काठीला ओळीने टांगायच्या, त्या चरबीत बुडवायच्या, वर काढायच्या, थिजू द्यायच्या, पुन्हा बुडवायच्या. असे थरावर थर चढत गेले की झाली बत्ती. तिला वास यायचा, उन्हाळ्यात ती मऊ पडायची, आणि फडताळात ठेवली तर उंदीर खाऊन टाकायचे. शिवाय तिची वात आपण होऊन जळून जात नसे. दर थोड्या वेळाने उठून काजळी कातरावी लागे. नाही तर ज्योत धुरकटायची आणि चरबी ओघळून फुकट जायची.

कोणाच्याही मनात येईल की हे काम घरी करता येण्याजोगे आहे, मग ही माणसे दुकानातून बत्त्या विकत का घेत होती? याचे उत्तर कायद्यात आहे. १७०९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने बत्त्यांवर कर बसवला. चरबीच्या बत्तीला रत्तलामागे अर्धा पेनी आणि मेणाच्या बत्तीला चार पेन्स. (रत्तल म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, जुन्या मंडळींना आठवत असेल.) १७११ मध्ये हे दर दुप्पट केले. आणि कर बुडू नये म्हणून त्याच कायद्याने परवाना घेतल्याशिवाय व कर भरल्याशिवाय घरी बत्त्या करायला बंदी घातली. म्हणजे घरची चरबी, घरची वात, घरचीच चूल, पण बत्ती केली तर गुन्हा! आपल्याला हे ऐकून मिठाची आठवण होईल. समुद्र दारात, ऊन फुकट, आणि तरी मीठ करायचे नाही, कारण सरकारचा कर बुडतो. १९३० साली शिरोड्याला आपल्या माणसांनी जो कायदा मोडला त्याचा हा थोरला भाऊ शोभेल. त्याच इंग्लंडात १६९६ पासून घराच्या खिडक्यांवरही कर होता आणि तो १८५१ पर्यंत टिकला. दिवसाच्या उजेडावर कर, रात्रीच्या उजेडावरही कर!

पण बत्तीच्या कायद्यात एक फट ठेवलेली होती. ओढ्याकाठी, पाणथळ कुरणांत ‘रश’ नावाचे एक लव्हाळ्यासारखे गवत उगवते. त्याची वात करून, ती घरच्या चरबीतून एकदाच बुडवून काढली आणि घरीच जाळली, विकली नाही, तर तिला कर नव्हता. मात्र एकदाच हं! दुसरा-तिसरा थर चढवला की ती बत्ती झाली, आणि बत्ती झाली की कर आला. गरिबाचा कायदेशीर उजेड म्हणजे ही लव्हाळ्याची वात.

हिच्याविषयी ज्याने लिहून ठेवले तो माणूस म्हणजे गिल्बर्ट व्हाइट. हॅम्पशायर परगण्यातल्या सेलबोर्न या खेड्यात १७२० साली तो जन्मला, तिथेच त्याने पाद्री म्हणून काम केले आणि तिथेच १७९३ साली वारला. लग्न केले नाही. आयुष्यभर गावचे पक्षी, झाडे, गांडुळे, पाऊसपाणी यांच्या नोंदी ठेवत बसला. घरी एक कासव होते, ते थंडीत कधी जमिनीत शिरते आणि कधी बाहेर येते याच्याही त्याने तारखा लिहिल्या. मित्रांना लिहिलेल्या पत्रांचे त्याचे पुस्तक १७८९ साली निघाले आणि ते आजही वाचले जाते. त्यातले १ नोव्हेंबर १७७५ चे पत्र या वातीवर आहे. नोव्हेंबरची पहिली तारीख, दिवस लहान होत चाललेले. विषय सुचायला योग्यच वेळ म्हणायची.

कृती त्याने अशी सांगितली आहे. ऐन उन्हाळ्यात रश गवत चांगले भरते, तेव्हा लांब आणि जाड काड्या कापायच्या. कापल्याबरोबर पाण्यात टाकायच्या. सुकल्या तर साल निघत नाही. मग साल सोलायची. आपल्या पोरांनी ज्वारीचे ताट सोलून आतले भेंड काढलेले असते, त्यांना हे लगेच कळेल. या काडीच्याही आत तसेच पांढरे हलके भेंड असते. ते नुसते ठेवले तर मोडते, म्हणून सालीची एक बारीक पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत तशीच राखायची, कण्यासारखी. सुरुवातीला हे जमत नाही, सवयीने मुलांनाही जमते. व्हाइटने एक पूर्ण आंधळी म्हातारी पाहिली होती. ती झपाट्याने काड्या सोलायची आणि तिची पट्टी सहसा चुकायची नाही. जिला उजेडाचा उपयोग नव्हता तिच्या हातचा उजेड गावात जळत होता.

सोललेल्या काड्या काही रात्री दवात गवतावर पसरायच्या, म्हणजे त्या पांढऱ्या होतात. मग उन्हात वाळवायच्या आणि कढत चरबीतून काढायच्या. चरबी कुठली? कष्टाळू मजुराची काटकसरी बायको ती फुकट मिळवते, असे व्हाइट म्हणतो. डुकराचे खारवलेले मांस शिजवताना भांड्यावर जो तवंग येतो तो ती काढून ठेवते. त्यात मीठ फार असेल तर उबदार भट्टीत ठेवते, म्हणजे मीठ खाली बसते. मधमाशा पाळणाऱ्याने थोडे मेण मिसळले तर वात जास्त वेळ जळते; मेंढीच्या चरबीनेही तोच गुण येतो.

आता हिशेबाकडे येऊ. त्या वेळचे इंग्रजी नाणे आपल्या जुन्या नाण्यासारखेच दशमान नसलेले होते. १ पौंडाचे २० शिलिंग, १ शिलिंगाचे १२ पेन्स आणि १ पेनीचे ४ फार्दिंग. आपल्याकडे १९५७ पूर्वी आण्याचे चार पैसे असत, तसेच हे पेनीचे चार फार्दिंग समजा.

सोललेल्या वाळक्या काड्यांचा भाव रत्तलाला १ शिलिंग. एक रत्तल काड्या बुडवायला चरबी लागते ६ रत्तल. साधी चरबी विकत घेतली तर रत्तलाला ४ पेन्स, म्हणजे ६ रत्तलांचे २४ पेन्स, म्हणजे २ शिलिंग. एकूण झाले ३ शिलिंग. मग या गृहस्थाने एक रत्तल काड्या वजन करून मोजायला लावल्या. त्या भरल्या १,६०० च्या वर. एक चांगली काडी, लांबी २ फूट साडेचार इंच, घड्याळ लावून जाळली. ती एक तासाला तीन मिनिटे कमी जळली. आणखी लांब काडी सव्वा तास जळलेली ठाऊक होती. पण सगळ्या काड्या सारख्या नसतात म्हणून त्याने सरासरी धरली फक्त अर्धा तास. माणूस प्रामाणिक होता असे मी म्हणालो ते यासाठी. म्हणजे १,६०० काड्यांचे ८०० तास, ३३ पूर्ण दिवसांहून अधिक उजेड, ३ शिलिंगांत. तीन शिलिंगांचे फार्दिंग होतात १४४. भागून पाहा, एका फार्दिंगला साडेपाच तास पडतात. शिक्षक मित्रांनी हे उदाहरण वर्गात फळ्यावर अवश्य घ्यावे. मुलांचे गुणाकार-भागाकार होतील आणि इतिहासही होईल.

एका अनुभवी म्हाताऱ्या कुटुंबप्रमुखाने व्हाइटला सांगितले की, त्याच्या घराला वर्षभर दीड रत्तल काड्या पुरतात, कारण कष्टकरी माणसे मोठ्या दिवसांत दिवा लावतच नाहीत. उजाडले की उठतात, मावळले की निजतात. दीड रत्तलाचे झाले साडेचार शिलिंग. वर्षाचा उजेड एवढ्यात.

इथवर सगळे ठीक. पण पुढे पाद्रीबुवा म्हणतात की, अगदी गरीब लोक मात्र असे करत नाहीत. ते रोज संध्याकाळी दुकानातून अर्ध्या पेनीची बत्ती आणतात आणि ती त्यांच्या वारा शिरणाऱ्या खोल्यांत दोन तासांच्या फारशी वर जळत नाही. त्याच अर्ध्या पेनीत अकरा तास उजेड मिळाला असता. आणि याचा निष्कर्ष त्यांनी काढला तो असा की, फार गरीब माणसांना काटकसर कळत नाही आणि म्हणून ती गरीबच राहणार.

श्रोतेहो, हे वाक्य आपण नुसते सेलबोर्नमध्ये ऐकलेले नाही. प्रत्येक गावच्या पारावर, प्रत्येक कचेरीच्या व्हरांड्यात ते कोणी ना कोणी बोलतो. ‘या लोकांना पैसा वापरता येत नाही हो!’ म्हणून त्याची नीट उलटतपासणी झाली पाहिजे. सुदैवाने आपल्याजवळ दुसरा साक्षीदार आहे आणि तोही पाद्रीच आहे.

हॅम्पशायरला लागूनच बर्कशायर परगणा. तिथल्या बार्कम गावचा पाद्री डेव्हिड डेव्हिस याने १७८७ साली आपल्या गावातल्या शेतमजुरांच्या घरी जाऊन आठवड्याचा जमाखर्च लिहून घेतला. पुढे १७९५ साली त्याने ते पुस्तकरूपाने छापले. गरिबीवर मते देणारे पुष्कळ असतात. घरात शिरून मिठापिठाचे आकडे विचारणारे थोडे. त्याच्या यादीतले एक कुटुंब आपण घेऊ. नवरा, बायको आणि पाच मुले. थोरले मूल आठ वर्षांचे, धाकटे अंगावर पिणारे. नवऱ्याची मजुरी आठवड्याला ८ शिलिंग. बायको मुले सांभाळून मिळवते ६ पेन्स. मिळकत साडेआठ शिलिंग.

आता खर्च ऐका. पीठ ६ शिलिंग ३ पेन्स. पाव फुगवायचे यीस्ट आणि मीठ ४ पेन्स. डुकराचे खारे मांस एक रत्तल, ८ पेन्स. चहा २ पेन्स, साखर ६, लोणी किंवा चरबी ४, साबण सव्वादोन, शिवायचा दोरा नि लोकर ३ पेन्स. आणि बत्त्या ३ पेन्स. बेरीज ८ शिलिंग सव्वाअकरा पेन्स. म्हणजे दर आठवड्याला सव्वापाच पेन्सची तूट. यात घरभाडे नाही, सरपण नाही, कपडा नाही, आजारपण नाही, बाळंतपण नाही.

बत्त्यांचे ३ पेन्स पाहा. म्हणजे अर्ध्या पेनीच्या हिशेबाने आठवड्याला सहा. व्हाइटने ज्यांना दोष दिला त्यांतलेच हे घर म्हणायचे. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर बत्त्यांचे १३ शिलिंग होतात. लव्हाळ्याच्या वाती केल्या असत्या तर साडेचार शिलिंगांत काम भागले असते. बचत झाली असती साडेआठ शिलिंगांची. आणि साडेआठ शिलिंग म्हणजे किती? बरोबर या कुटुंबाची पुऱ्या एका आठवड्याची मिळकत! दोन्ही नोंदींमध्ये बारा वर्षांचे अंतर आहे, गाव निराळे आहे, हे मान्य. पण अंदाज यायला हरकत नाही. तेव्हा व्हाइट उगाच बोलत नव्हता. वर्षात एक आठवडा या बाईच्या पदरात पडू शकत होता. मग तिने तो का घेतला नाही?

पहिली गोष्ट, ३ शिलिंग एकदम लागतात. साडेआठ शिलिंगांतून पिठाचे सव्वासहा गेले की उरतात सव्वादोन. त्यात बाकीचे सारे बसवायचे आणि तेही बसत नाही. तीन शिलिंग एकदम काढायचे तर पिठातून काढावे लागतील. पाच मुलांना दोन-तीन दिवस उपाशी ठेवून पुढच्या हिवाळ्याचा उजेड कोणती आई विकत घेईल? हातावर पोट असलेला माणूस रोजचे तेलमीठ रोज आणतो आणि त्यात महाग पडते, हे त्यालाही कळत असते. स्वस्त घ्यायला आधी गाठीला पैसा लागतो. डेव्हिसनेही हेच दुःख मांडले आहे की, मजुराला सगळे किरकोळीत, दुकानदाराच्या भावाने घ्यावे लागते.

दुसरी गोष्ट, ‘फुकटची’ चरबी. व्हाइटच्या काटकसरी गृहिणीकडे मांसाचे भांडे चुलीवर नेहमी चढत असावे. बार्कमच्या या घरात आठवड्याला मांस एक रत्तल, सात तोंडांत. तेही दोन-तीनदा वेगवेगळ्या दिवशी पाल्यासोबत उकडायचे आणि उरलेल्या पाण्यात पाव नि बटाटे घालून मुलांना द्यायचे. दीड रत्तल काड्यांना चरबी लागणार ९ रत्तल. वर्षभराच्या ५२ रत्तल मांसातून नऊ रत्तल तवंग काढायचा म्हणजे मुलांच्या ताटातली सारी स्निग्धता काढून दिव्यात घालायची. या बाईने तो तवंग पोरांच्या पोटात घातला आणि उजेड दुकानातून आणला. हिला काटकसर कळत नव्हती असे कोण म्हणेल? मी तर म्हणेन, तिने व्हाइटपेक्षा बारीक हिशेब केला.

तिसरी गोष्ट वेळेची. काड्या भरतात ऐन उन्हाळ्यात. तोच वाळल्या गवताच्या कापणीचा आणि मग पिकाच्या सुगीचा काळ. बाईमाणसाला चार पैसे जास्त मिळायचे ते याच दिवसांत. शरद ऋतूपर्यंत काड्या चालतात असे व्हाइट म्हणतो खरा, पण पाच लहान मुलांच्या आईने कापणे, भिजवणे, सोलणे, दवात टाकणे, वाळवणे हे सारे कधी करायचे?

आणि सोलण्याचा मोबदला काय, तोही व्हाइटच्याच आकड्यांतून निघतो. त्याने तो काढला नाही, आपण काढू. रत्तलभर काड्या १,६००, किंमत १२ पेन्स. म्हणजे एका पेनीला १३३ काड्या पडल्या. चिखलात उतरून कापून आणलेल्या, भिजवलेल्या, एकेक सोललेल्या, दवात नि उन्हात सांभाळलेल्या १३३ काड्यांचा एक पेनी. हे काम कोण करी? थकलेले मजूर, बायका आणि मुले, असे तो स्वतःच सांगतो. उजेड एवढा स्वस्त पडला तो या हातांना एवढे कमी दिले गेले म्हणून. ज्यांना तो अर्थशास्त्र कळत नाही म्हणतो, त्यांतलेच काही जण त्याच्या स्वस्त हिशेबाच्या पायाशी बसून काड्या सोलत होते. ती आंधळी म्हातारीसुद्धा त्यांतलीच.

वाऱ्याचेही तसेच. गरिबाच्या खोलीत वारा शिरतो म्हणून बत्ती लवकर संपते, हे व्हाइटनेच लिहिले आहे. मग दोष भिंतीचा की माणसाचा? लव्हाळ्याच्या वातीसाठी त्याने अर्धा तास धरला खरा, पण त्यात वाऱ्याची तूट धरली आहे की नुसती आखूड काड्यांची, ते तो सांगत नाही.

मी व्हाइटला वाईट म्हणत नाही, हे लक्षात घ्या. त्याने मोजले नसते तर आज आपण त्याला खोडूही शकलो नसतो. त्याने बाहेरून पाहिले आणि बाहेरून जे दिसते ते अचूक लिहिले. डेव्हिस घरात जाऊन बसला, एवढाच फरक. त्या काळी बडी माणसे मजुरांना आणखी एक दोष देत, की हे लोक चहा पितात म्हणून दरिद्री झाले. डेव्हिसने त्यांना उत्तर दिले की, गाय ठेवायला कुरण राहिले नाही, दूध मिळत नाही, म्हणून बिचारे चहाचे पाणी पितात. चहा हे दारिद्र्याचे कारण नसून फळ आहे. सार्वजनिक कुरणांना कुंपणे घालून ती खाजगी करण्याचे हजारो कायदे पार्लमेंटने त्या सुमाराच्या शंभरएक वर्षांत केले. कुरण गेले की गाय गेली, डुकराला चरायची सोय गेली. डुक्कर गेले की भांड्यावरचा तवंग गेला. लव्हाळे मात्र ओढ्याकाठी, कुंपणाखाली उगवतच होते. त्याला कुंपणाचे काही नव्हते. पण नुसत्या काडीने दिवा लागत नाही.

ही साखळी ज्याने स्वच्छ पाहिली तो माणूस म्हणजे विल्यम कॉबेट. सरे परगण्यातल्या फार्नहॅमला १७६३ साली जन्मलेला शेतकऱ्याचा पोरगा, पुढे नावाजलेला पत्रकार. जीभ मोठी तिखट. मजुरांनी घरचे घरी काय काय करावे यावर त्याने एक पुस्तक लिहिले, ते १८२२ साली पुरे झाले. पाव, दारू, गाय, डुक्कर, कोंबड्या, आणि त्यात ही लव्हाळ्याची वातही आहे. बत्त्या घरी करायची आपल्याला मुभाच नाही, अशी त्याची पहिली तक्रार. मग आपल्या आजीची आठवण. आजी नव्वदीच्या आसपास जगली. तिच्या घरात बत्ती जळलेली त्याने कधी पाहिली नाही. आपण याच वातीच्या उजेडात वाढलो आणि आपले डोळे काही इतरांपेक्षा अधू नाहीत, असे तो ऐटीत सांगतो.

आजीची रीत व्हाइटच्या रीतीसारखीच. कॉबेटची काडी मात्र आखूड, सरासरी दीड फूट. बुडवलेल्या वाती ठेवायला कोवळ्या झाडाची अर्धगोल साल भिंतीला पट्ट्यांनी बांधलेली असे. जाळताना काडी धरायला लोखंडी चिमटा, काही उंच, जमिनीवर ठेवायचे, काही बुटके, टेबलावरचे. काडी जळत जळत चिमट्यापर्यंत आली की पुढे सरकवायची. म्हणजे कातताना, शिवताना मधून मधून हात थांबवून दिवा पुढे करायचा. उजेडाची किंमत मोजताना हे थांबलेले हातही मोजावे लागतील, पण त्याचा हिशेब कोणीच मांडलेला नाही.

कॉबेटचे खरे मर्म पुढे आहे. तो म्हणतो, मजुराच्या ताटात मांस होते तेव्हा त्याच्या घरी बत्त्या नव्हत्या. बटाटे आले आणि कराच्या बत्त्याही बरोबरच आल्या. कारण भांड्यातून चरबी निघेनाशी झाली, तेव्हा माणसाला उजेडासाठी दुकानाची पायरी चढावी लागली. बटाट्यावर कॉबेटचा फार राग. बटाटा खाणाऱ्याला अंधारात सालीही गिळाव्या लागतील म्हणून बत्ती लागते, असा टोमणाही त्याने मारला आहे. टोमणा सोडून द्या, पण कार्यकारणाची दिशा त्याने बरोबर पकडली. व्हाइट म्हणाला होता, उधळतात म्हणून गरीब. कॉबेट म्हणाला, गरीब झाले म्हणून विकत घ्यावे लागते.

अर्थात कॉबेटचीही एक गंमत आहे. वर्षाला १५ शिलिंग बत्त्यांवर घालवूनही मजुराला हिवाळ्याच्या बहुतेक संध्याकाळी अंधारात काढाव्या लागतील, त्यापेक्षा लव्हाळ्याच्या वाती करा, त्या जवळजवळ फुकट पडतात, असे तो सांगतो. पण भांड्यात चरबी उरली नाही, हेही तोच सांगतो! मग फुकट कशा? आजीच्या काळची आठवण नेहमीच जरा उजळ असते. तरी त्याचा सल्ला पोकळ नव्हता, कारण त्याच पुस्तकात तो प्रत्येक झोपडीत आधी डुक्कर पाळा म्हणून पानेच्या पाने लिहितो. आधी चरबीची सोय, मग वातीची. क्रम बरोबर आहे.

बत्तीवरचा कर शेवटी १८३१ साली उठला. म्हणजे १२० वर्षांहून अधिक काळ घरी बत्ती करणे हा अपराध होता. तोवर फ्रान्समध्ये शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने चरबीचे घटक वेगळे केले होते. त्यातून निघालेल्या स्टिअरिनची बत्ती कडक, बिनवासाची आणि स्वच्छ जळणारी निघाली. तिकडेच १८२५ साली वेणीसारखी विणलेली वात निघाली. ती जळताना वाकते आणि टोक आपोआप जळून जाते, त्यामुळे काजळी कातरण्याचे काम संपले. पुढे खनिज तेलातून पॅराफिन आले, आणि रॉकेलचे दिवे आले. कर उठला तेव्हा घरी बत्त्या करण्याचे कारणच हळूहळू उरले नाही. कारखान्यातली बत्ती चांगली आणि स्वस्त मिळू लागली.

तरी लव्हाळ्याची वात इतक्यात विझली नाही. कॉबेटच्याच सरे परगण्यात गर्ट्रूड जेकिल नावाच्या बाई राहत. बागांच्या रचनेसाठी त्या प्रसिद्ध आहेत. जुन्या खेड्यातले मोडीत निघालेले सामान, वातीचे ते लोखंडी चिमटे वगैरे, त्यांनी गोळा केले आणि १९०४ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांच्या ओळखीच्या एका झोपडीतल्या वृद्ध बाईला वाती करण्याची रीत अजून पाठ होती. साल कशी काढायची, बारीक पट्टी कशी राखायची, चरबीत काडी पूर्ण बुडालेली कशी धरायची, हे तिने जेकिलबाईंना सांगितले. आपली आई वाती झाडाच्या पोकळ सालीत वाळत घालायची, हेही सांगितले. आणि चरबी कोणती घ्यावी, तर मेंढीची. ती सर्वांत घट्ट थिजते.